फलटणची रिक्षा रस्त्यावर का रुळली नाही?

गेल्या काही वर्षांत सातारा आणि सांगली या शेजारच्या दोन जिल्ह्यांच्या वाट्याला वाहतुकीच्या ज्या बातम्या आल्या, त्या वरवर पाहता समाधान वाटावे अशाच आहेत. २०२१ च्या जानेवारीत साताऱ्याच्या पोवई नाक्यावरील भुयारी मार्ग रहदारीला खुला झाला. त्याच वर्षी मार्चअखेर पुण्याहून फलटणपर्यंत प्रवासी आगगाडी धावू लागली आणि वर्षानुवर्षे केवळ चर्चेत असलेली रेल्वे फलटणकरांनी प्रत्यक्ष पाहिली. १६ सप्टेंबर २०२४ रोजी कोल्हापूर-पुणे आणि पुणे-हुबळी या मार्गांवरील दोन 'वंदे भारत' गाड्यांना हिरवा झेंडा दाखविण्यात आला. या दोन्ही गाड्या सातारा आणि सांगली स्थानकांवर थांबतात. ज्या मार्गावर एकेकाळी वाफेच्या इंजिनाचा धूर खात प्रवास करावा लागे, त्या मार्गावर आता विजेवरची, बंद दारांची, थंडगार गाडी धावते, ही गोष्ट लहान नव्हे.

याच काळात पुण्याच्या प्रयोगशाळांतून आणखी काही बातम्या येत होत्या. हायड्रोजन वायूपासून गाडीतच वीज निर्माण करून चालणारी स्वदेशी बनावटीची बस २१ ऑगस्ट २०२२ रोजी पुण्यात सर्वांसमोर आली. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद आणि केपीआयटी ही पुण्याची कंपनी यांचे ते संयुक्त काम होते. पुढे २०२३ च्या डिसेंबरात त्याच कंपनीने पुण्याच्या 'आयसर' या विज्ञान संस्थेच्या सहकार्याने विकसित केलेल्या सोडियमच्या बॅटरीची घोषणा केली. आज विजेच्या बहुतेक वाहनांत लिथियमची बॅटरी असते आणि लिथियमसाठी आपण परदेशांवर अवलंबून आहोत. सोडियम हे मिठातले मूलद्रव्य. ते आपल्याकडे विपुल आहे. अशी बॅटरी वजनाला काहीशी अधिक भरते, परंतु स्वस्त पडण्याचा संभव आहे. सारांश, साताऱ्यापासून तीन तासांच्या अंतरावर उद्याच्या वाहनाची तयारी चालली आहे.

आता या दोन बातम्यांच्या मध्ये सामान्य प्रवासी कोठे आहे ते पाहावे. साताऱ्याचे रेल्वेस्थानक शहरापासून पाच-सहा किलोमीटर दूर, माहुलीच्या बाजूला आहे. वेगवान गाडीतून उतरलेला प्रवासी स्थानकाबाहेर येतो आणि तेथून पुढे भाड्याची घासाघीस सुरू होते. सांगली आणि मिरज ही एका महापालिकेतील दोन शहरे. त्यांच्यामध्ये दहा किलोमीटरचा रस्ता आहे आणि त्या रस्त्यावर सकाळ-संध्याकाळ विद्यार्थी, कारकून, दवाखान्यात निघालेले रुग्ण आणि बाजारहाटाला निघालेल्या बायका एकाच वेळी उभ्या असतात. आमच्या महाविद्यालयात सकाळच्या पहिल्या तासाला उशिरा येणाऱ्या मुलांना कारण विचारण्याचे प्रस्तुत लेखकाने केव्हाच सोडून दिले आहे. उत्तर ठरलेले असते : "सर, गाडीच मिळाली नाही."

गाडी धावते, प्रयोगशाळा चालते आणि तरीही मुलाला गाडी मिळत नाही, हे कसे? संशोधनात आपण मागे आहोत, असे याचे एक उत्तर नेहमी दिले जाते. ते उत्तर पुरे पडत नाही, कारण ते खोडून काढणारा पुरावा आपल्याच जिल्ह्यात, फलटणला, पडून आहे.

फलटणचा प्रयोग

बनबिहारी निंबकर यांनी १९६८ मध्ये फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापन केली. अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठाची डॉक्टरेट घेतलेले डॉ. अनिल राजवंशी १९८१ मध्ये या संस्थेत आले आणि खेड्याला उपयोगी पडेल अशा ऊर्जेच्या संशोधनाला त्यांनी वाहून घेतले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गोड ज्वारीपासून मद्यार्क, सुधारलेला कंदील अशा त्यांच्या अनेक कामांतले एक काम सायकलरिक्षाचे होते.

या कामामागचा विचार साधा होता. माणसाने माणसाला ओढून नेण्याचे काम देशभर लाखो लोक करीत होते आणि त्यांच्या हाती जे वाहन होते त्याची रचना अनेक दशके जशीच्या तशी राहिली होती. त्याला गिअर नव्हते. ब्रेक तेवढा पुढच्या चाकाला. चढ आला की चालकाने खाली उतरायचे आणि हाताने ओढायचे. एवढ्या मोठ्या संख्येने वापरल्या जाणाऱ्या वाहनाकडे एकाही मोठ्या प्रयोगशाळेने वळून पाहू नये, ही आपल्या संशोधनव्यवस्थेवरची टीकाच होती. फलटणच्या संस्थेने १९९० नंतरच्या दशकात हे काम हाती घेतले आणि तीन पायऱ्यांची वाहने तयार केली. पहिले, गिअर आणि चांगले ब्रेक असलेली हलकी सायकलरिक्षा. दुसरे, पायाला मोटरची मदत देणारी रिक्षा. तिसरे, संपूर्णपणे बॅटरीवर चालणारी रिक्षा. तिला त्यांनी 'इलेक्शा' असे नाव दिले. २००२ च्या सप्टेंबरात 'करंट सायन्स' या विज्ञानविषयक नियतकालिकात या कामाचा लेख प्रसिद्ध झाला. लहान शहरांसाठी विजेची रिक्षा हे स्वच्छ, स्वस्त आणि रोजगार देणारे साधन ठरू शकेल, हे त्याचे प्रतिपादन होते.

त्यानंतर काय घडले? साताऱ्यात ही रिक्षा रुळली नाही, सांगलीतही नाही. मात्र आठ-दहा वर्षांतच दिल्लीच्या रस्त्यांवर विजेच्या रिक्षा हजारोंनी दिसू लागल्या. त्यांचे सुटे भाग प्रामुख्याने चीनमधून येत होते आणि येथे त्यांची जुळणी होत होती. त्यांना परवाना नव्हता, नोंदणी नव्हती, विमा नव्हता, कारण मोटार वाहन कायद्यात अशा वाहनासाठी खानाच नव्हता. ३१ जुलै २०१४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्यावर बंदी घातली. तेव्हा सरकार जागे झाले. ऑक्टोबरात नियम आले : चार प्रवासी आणि ताशी २५ किलोमीटरची वेगमर्यादा. २०१५ मध्ये संसदेने कायद्यात दुरुस्ती केली. २०१८ मध्ये बॅटरीवरील वाहनांना परवान्याच्या अटीतून सूट मिळाली.

या घटनाक्रमाकडे पुन्हा एकदा पाहावे. वाहनाची कल्पना, आराखडा आणि चाचणी आपल्याकडे आधी झाली. बाजारात माल आला तो बाहेरचा. कायदा आला तो सर्वांत शेवटी. संशोधन आणि रस्ता यांच्यामध्ये कोणती तरी कडी तुटलेली होती. ती कडी कोणती, याचा शोध घेणे हे अर्थशास्त्राच्या अभ्यासकाचे काम आहे.

नांगर आणि आगगाडी

त्यासाठी दोन उदाहरणे घेऊ. पहिले उदाहरण सांगली जिल्ह्यातलेच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार केला. आज आपण हा इतिहास अभिमानाने सांगतो, परंतु त्यातला एक भाग गाळतो. तो भाग असा, की नांगर तयार झाल्यानंतरही बराच काळ त्याला गिऱ्हाईक नव्हते. लोखंडाने जमीन नासेल अशी शेतकऱ्याची समजूत होती असे सांगतात. ती समजूत खरी की खोटी, हा मुद्दा गौण आहे. एका हंगामाच्या पिकावर ज्याचे वर्ष अवलंबून आहे, त्याने नव्या अवजाराचा प्रयोग स्वतःच्या शेतावर प्रथम का करावा? पुढे नांगर खपू लागला. १९१० मध्ये औंध संस्थानाने कुंडलच्या माळावर जागा दिली, भांडवलाला हात दिला आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. कारागिराची चिकाटी आणि संस्थानिकाचा आश्रय, दोन्ही जुळून आली तेव्हा शोधाचा उद्योग झाला.

दुसरे उदाहरण 'वंदे भारत' गाडीचे. ही गाडी चेन्नईच्या रेल्वे डबे कारखान्याने २०१८ मध्ये तयार केली आणि २०१९ च्या फेब्रुवारीत दिल्ली-वाराणसी मार्गावर ती प्रथम धावली. तिच्या यशाचे श्रेय अभियंत्यांना द्यावे तेवढे थोडे. परंतु तिच्यामागे आणखी एक कारण आहे. बनविणारी रेल्वे, विकत घेणारीही रेल्वे आणि चालविणारीही रेल्वेच. पहिल्या गाडीत दोष आढळले तर ते निस्तरण्याची ताकद तिच्यापाशी होती आणि दुरुस्त आवृत्ती घेण्याची खात्रीही होती. म्हणून चेन्नईत जन्मलेली गाडी सहा वर्षांच्या आत सांगलीच्या आणि किर्लोस्करवाडीच्या फलाटावर येऊन उभी राहिली.

फलटणच्या रिक्षाला मात्र असा मालक मिळाला नाही. तिच्यासाठी ना संस्थानिक होता, ना रेल्वे. तिला विकत घेणारा होता तो रोज कमावून रोज खाणारा रिक्षावाला. नव्या साधनाचे पहिले गिऱ्हाईक होण्याचे ओझे आपण समाजातल्या सर्वांत दुबळ्या खांद्यावर टाकले.

नव्या वस्तूचा पहिला वापर करणाऱ्याच्या पदरी दोन गोष्टी पडतात : तोटा आणि अनुभव. तोटा त्याचा एकट्याचा असतो, अनुभव मात्र सर्वांच्या उपयोगी पडतो. बॅटरी किती महिने टिकते, पावसात मोटर दगा देते काय, चढावर वेग किती राहतो, ही माहिती पहिल्या वीस वाहनांतून मिळते आणि पुढच्या दोन हजार वाहनांना फुकट लाभते. ज्या गोष्टीचा लाभ सर्वांना आणि भुर्दंड एकाला, ती गोष्ट बाजार आपणहून करीत नाही, हे आम्ही वर्गात रस्त्यावरच्या दिव्याचे उदाहरण देऊन शिकवितो. पहिला वापर हाही असाच रस्त्यावरचा दिवा आहे. तो नगरपालिकेने लावावयाचा असतो.

व्याजाचे गणित

प्रस्तुत लेखकाचा एक माजी विद्यार्थी सांगली-मिरज रस्त्यावर रिक्षा चालवितो. वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. नोकरी मिळाली नाही म्हणून हा व्यवसाय पत्करला आणि त्याबद्दल त्याची तक्रारही नाही. विजेची रिक्षा का घेत नाहीस, असे त्याला एकदा विचारले. तो म्हणाला, "सर, घ्यायला माझी ना नाही. पण बँक दारात उभी करत नाही आणि बाहेर महिना शेकडा तीनने पैसे मिळतात. तुम्हीच हिशेब करा." घरी येऊन खरोखरच हिशेब केला.

समजा, विजेची रिक्षा साध्या रिक्षापेक्षा एक लाख रुपयांनी महाग आहे आणि दर किलोमीटरमागे तिच्यावर दीड रुपयाची बचत होते. चालक दिवसाला ८० किलोमीटर आणि वर्षाचे ३०० दिवस रिक्षा चालवितो. वर्षाला २४,००० किलोमीटर होतात आणि बचत होते ३६,००० रुपयांची. म्हणजे तीन वर्षांच्या आत जादा किंमत वसूल होते. कागदावर हा व्यवहार उत्तम आहे. आता व्याज धरू. बँकेने दरसाल शेकडा १२ ने कर्ज दिले तर पहिल्या वर्षी एक लाखावर १२,००० रुपये व्याज जाते आणि तरीही २४,००० रुपये हाती राहतात. परंतु महिना शेकडा तीन या दराने घेतलेल्या लाखावर वर्षाला बरोबर ३६,००० रुपये व्याज होते. सगळी बचत सावकाराच्या घरी जाते आणि मुद्दल जसेच्या तसे उरते. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण त्यांतून निघणारा निष्कर्ष कल्पित नाही. तेच वाहन, तोच रस्ता, तोच चालक. फक्त व्याजाचा दर बदलला आणि लाभाचा व्यवहार निरर्थक ठरला. कोणते तंत्रज्ञान रस्त्यावर येणार, हे अनेकदा प्रयोगशाळेत ठरत नाही, ते कर्जाच्या खिडकीवर ठरते.

विजेच्या वाहनाला हा नियम विशेष लागू पडतो. पेट्रोलवर चालणारे वाहन आरंभी स्वस्त आणि रोज महाग असते. विजेचे वाहन आरंभी महाग आणि रोज स्वस्त असते. म्हणून ज्याच्याकडे भांडवल आहे त्याला ते परवडते आणि ज्याला रोजच्या बचतीची खरी गरज आहे त्याच्या हाताला ते लागत नाही. राज्य सरकारने २०२४ मध्ये महिलांसाठी गुलाबी ई-रिक्षांची योजना जाहीर केली. तिच्यात किमतीच्या २० टक्के सरकारने, १० टक्के लाभार्थी महिलेने आणि ७० टक्के बँकेच्या कर्जातून उभारावयाचे, अशी वाटणी आहे. योजनेच्या अंमलबजावणीबद्दल मतभेद असू शकतील, परंतु तिने रोगाचे निदान बरोबर केले आहे.

माथेरानचे उदाहरण या संदर्भात पाहण्यासारखे आहे. तेथे माणसांनी ओढावयाच्या हातरिक्षा स्वातंत्र्यानंतर पाऊणशे वर्षे चालू राहिल्या. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला आणि ओढणाऱ्यांच्या पोटापाण्यासाठी ई-रिक्षा भाडेतत्त्वावर देण्याची योजना राज्य सरकारने करावी, असे सांगितले. वाहन उपलब्ध होते, गरज उघड होती, आणि तरीही न्यायालयाला सांगावे लागले. मधली कडी जोडणे ही कोणाचीच जबाबदारी नसल्यामुळे ती अखेर न्यायालयाच्या दारात गेली.

एस.टी.चा धडा

पहिले गिऱ्हाईक होण्याची ऐपत असलेली एक संस्था महाराष्ट्रात आहे आणि तिचे नाव एस.टी. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर तिची पहिली गाडी धावली. १ जून २०२२ रोजी त्याच मार्गावर तिची 'शिवाई' ही विजेची बस धावली. चौऱ्याहत्तर वर्षांचे हे वर्तुळ पूर्ण होताना पाहून कोणालाही आनंद व्हावा. पुढच्या वर्षी ५,१५० विजेच्या बसगाड्या भाडेकराराने घेण्याचे ठरले. तथापि पुरवठा ठरल्या मुदतीत झाला नाही आणि २०२५ च्या मे महिन्यात करार रद्द करण्याचे निर्देश देण्याची पाळी परिवहनमंत्र्यांवर आली.

दोष कोणाचा, हे ठरविण्याचे येथे कारण नाही. धडा मात्र घ्यावयास हवा. एस.टी.ने आपल्या गाड्यांची बांधणी वर्षानुवर्षे दापोडीसारख्या स्वतःच्या कार्यशाळांत केली. त्यामुळे गाडीचे दुखणे काय आणि औषध काय, हे तिच्या कारागिरांना ठाऊक होते. भाडेकराराच्या पद्धतीत किलोमीटरमागे पैसे मोजावयाचे, गाडी दुसऱ्याची, दुरुस्ती दुसऱ्याची आणि अनुभवही दुसऱ्याचाच. रोकड कमी असलेल्या संस्थेला ही पद्धत सोयीची वाटते आणि काही प्रमाणात ती सोयीची आहेही. परंतु पुरवठादार थांबला की संस्थेच्या हाती गाडीही राहत नाही आणि विद्याही राहत नाही. केंद्र सरकारने २०२३ च्या ऑगस्टमध्ये मंजूर केलेली शहरांसाठीच्या १०,००० विजेच्या बसगाड्यांची योजनाही याच वळणाची आहे. आपल्यासारख्या मध्यम शहरांनी तिचा लाभ जरूर घ्यावा, पण तेवढ्यावर विसंबू नये.

एक आक्षेप

यावर एक रास्त आक्षेप आहे आणि अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने तो टाळता कामा नये. बाहेरचा माल स्वस्त मिळत असेल तर तो का घेऊ नये? फलटणचीच रिक्षा हवी, हा स्वदेशीचा भाबडा हट्ट नव्हे काय? आयात हे पाप नाही, हे प्रथम मान्य करू. फलटणच्या रिक्षातही शिशाची जड बॅटरी होती आणि तिच्या मर्यादा होत्या, हेही मान्य करू. दिल्लीच्या चालकांनी कोणाची वाट न पाहता बाहेरची रिक्षा घेतली, त्यात त्यांचा व्यवहारीपणा दिसतो. शिवाय आपली वीज अद्याप मुख्यतः कोळशावर निर्माण होते, तेव्हा विजेचे प्रत्येक वाहन म्हणजे पुण्यकर्म असेही समजण्याचे कारण नाही.

परंतु दिल्ली सपाट आहे आणि सातारा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी उतारावर वसले आहे. राजवाड्याकडून वर चढताना चार प्रवाशांचे ओझे घेतलेल्या मोटरला जे श्रम पडतील, त्यांचा विचार सपाट शहरासाठी बनविलेल्या वाहनात कोणी कशाला करील? सांगलीची अडचण वेगळी. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी किती फूट झाली, हा प्रश्न पावसाळ्यात सांगलीकर रोज विचारतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५७ फुटांच्या वर गेली आणि २०२१ च्या जुलैत शहराने पुन्हा महापूर पाहिला. ज्या शहराचा मोठा भाग पाण्याखाली जातो, तेथे बॅटऱ्या भरण्याची केंद्रे कोठे असावीत, पाण्यात बुडालेल्या बॅटरीचे काय करावे, पुराच्या दिवसांत वाहने कोणत्या उंच जागी हलवावीत, या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही परदेशी माहितीपत्रकात मिळणार नाहीत. ती येथेच शोधावी लागतील. वस्तू आयात करता येते. आपल्या उताराचे आणि आपल्या पुराचे ज्ञान आयात करता येत नाही.

काय करता येईल

म्हणून काही सूचना कराव्याशा वाटतात. त्या भव्य नाहीत, आपल्या आवाक्यातल्या आहेत. सातारा नगरपालिकेने आणि सांगली महापालिकेने प्रत्येकी वीस-पंचवीस विजेची लहान वाहने स्वतःच्या नावाने घ्यावीत आणि चालकांना भाड्याने द्यावीत. साताऱ्यात ती रेल्वेस्थानक ते शहर या मार्गावर असावीत, सांगलीत सांगली-मिरज मार्गाला येऊन मिळणाऱ्या वस्त्यांतून. वाहन बिघडले तर त्या दिवसाचे भाडे माफ असावे. पहिल्या वापराचा तोटा संस्थेने सोसावयाचा, तो असा.

या वाहनांची नोंद ठेवण्याचे काम आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांकडे द्यावे. सांगलीचे वालचंद महाविद्यालय १९४७ पासून आणि कराडचे शासकीय महाविद्यालय १९६० पासून अभियंते घडवीत आले आहे. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी दरवर्षी प्रकल्प करतात आणि त्यांतले बरेचसे कपाटात जातात. त्यांनी वर्षभर या वाहनांचा चढावरचा वेग, बॅटरीची झीज, पावसातले बिघाड मोजावेत आणि ते निष्कर्ष मराठीत, रिक्षाचालकाला वाचता येतील असे छापावेत. आमच्यासारख्या अर्थशास्त्राच्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी हिशेबाचा भाग उचलावा. पुण्यात तयार होणाऱ्या सोडियमच्या बॅटरीला चाचणीसाठी चढाचे आणि पुराचे शहर हवे असेल, तर अशी दोन शहरे तिच्यासाठी सज्ज असली पाहिजेत.

तिसरी गोष्ट कर्जाची. सातारा आणि सांगली हे सहकाराचे जिल्हे. विहिरीवरची इंजिने, मोटारी, ऊस, दूध, साखर कारखाने, हे सारे येथे सहकारी पतपुरवठ्याच्या आधाराने वाढले. शेतकऱ्याला पीक पाहून कर्ज देता येते, हे ज्या व्यवस्थेने एकेकाळी सिद्ध केले, तिला रिक्षाचालकाला रोजची फेरी पाहून कर्ज देता येऊ नये काय? दोन्ही जिल्हा मध्यवर्ती बँकांनी आणि नागरी पतसंस्थांनी दरसाल शेकडा बाराच्या आसपास कर्ज दिले, तर वर मांडलेले गणित सुटते. पालिकेच्या वाहनांची वर्षभराची नोंद हाती असेल, तर बँकेला आपला धोकाही अजमावता येईल. पहिल्या वीस वाहनांचा अनुभव पुढच्या दोनशे कर्जांचे तारण ठरतो, तो या अर्थाने.

या सर्वांना खर्च किती येईल? एखाद्या चौकाच्या सुशोभनाला येतो त्याहून फार वेगळा नसावा. पोवई नाक्यावरील भुयारी मार्गाला कोट्यवधी रुपये लागले आणि त्यामुळे मोटारींची कोंडी काही अंशी सुटली, हे मान्य. परंतु ज्याच्याकडे मोटार नाही त्याच्या वाटेवर त्या मानाने आपण काय खर्च केले, हा प्रश्न अंदाजपत्रकाच्या वेळी नगरसेवकांना विचारण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे.

फलटणला आता आगगाडी जाते. तिच्यात बसून एखादा विद्यार्थी पुण्याला जाईल, विजेच्या वाहनांची कारखानदारी पाहील आणि हे सारे आपल्याकडे कधी येणार, असे मनाशी म्हणेल. त्याच्याच गावात ते एकदा येऊन गेले होते, हे त्याला कोणी सांगितलेले नसेल. पुढच्या शोधाच्या बाबतीत असे पुन्हा घडू द्यावयाचे नसेल, तर पहिले गिऱ्हाईक होण्याची तयारी आपल्या पालिकांनी, बँकांनी आणि महाविद्यालयांनी आजच केली पाहिजे. तोवर माझ्या त्या माजी विद्यार्थ्याने विचारलेल्या हिशेबाचे उत्तर माझ्याकडे असूनही ते मला त्याच्या हाती देता येणार नाही.